जिताडा खाडीचा की तळ्यातला?

संडेला जिताडा घ्यायला निघालात की एक प्रश्न विचाराच, "मावशी, खाडीचा की तळ्यातला?" उत्तर काहीही आलं तरी मासा मूळचा खाडीचाच. रायगडात जिताड्याची पिल्लं खाडीतून आणून तळ्यात वाढवायची जुनी पद्धत आहे. म्हणजे खाडीच आटोपली तर तळंही रिकामं!

कामोठ्याला पनवेलची खाडी आहे, हे आपल्यातल्या अर्ध्या पब्लिकला फक्त डासांमुळे ठाऊक. लोकलमधून दिसतो तो नुसता चिखल. पण चिखल म्हणजे घाण नव्हे. निवटी त्यातच बीळ करून अंडी घालते, चिंबोरी त्यातच दडते. प्रॉब्लेम होतो तो माती एकदम भसाभस यायला लागली की. ताज्या गाळाने बिळं बुजतात. खडकाला चिकटलेल्या कालवांना पळताही येत नाही, ती जागीच गाडली जातात. गढूळ पाण्यात उजेड खाली पोचत नाही, मग सूक्ष्म वनस्पती वाढत नाहीत आणि त्यांच्यावर जगणाऱ्यांची उपासमार होते. पिल्लांच्या कल्ल्यांत मातीचे कण अडकतात. टायमिंगही वाईट! जिताड्याची पिल्लं तिवरांत शिरतात पावसाळ्यात, आणि उघडी माती वाहून येते तीही पावसाळ्यातच.

ही माती येते कुठून? खाडीपलीकडे बघा. डिसेंबर २०२५ मध्ये जिथून विमानं उडायला लागली, तिथे आधी सुमारे ९० मीटर उंचीची उलवे टेकडी होती. ती फोडून सखल जमिनीवर भराव घातला, उलवे नदीचा प्रवाह वळवला. पण एकट्या विमानतळाला कशाला बोल लावायचा? आपल्या टॉवरच्या पायाची माती आणि फ्लॅटच्या रिनोव्हेशनचं डेब्रिज कुठे गेलं, हे आपण कधी बिल्डरला विचारलंय?

त्यात तळोजा एमआयडीसीकडून येणारी कासाडी नदी. ऑगस्ट २०१७ मधले तळोज्याचे निळे कुत्रे आठवतात? कारखान्यांच्या सांडपाण्यातली रसायनं आणि जड धातू बारीक गाळाला चिकटून तळाशी बसतात. गाळ ढवळला की पुन्हा वर.

खाडीत काम काढलं की मासेमारांचं पोट मारलं जातं, हा मुद्दा कोर्टापर्यंत गेलाय. ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या केसमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली मच्छीमारांच्या भरपाईच्या बाजूने निकाल दिला. पण गाळ अडवण्याचं काम भरपाईने होत नाही. ते तिवरांची मुळं करतात, तेही फुकट. आणि डेब्रिजचे डंपर रिकामे होतात ते नेमके त्याच तिवरांवर.