नेक्सॉन की थ्री-एक्स-ओ? गाडी घेण्याआधी कागदावर मांडलेला हिशोब



गेल्या महिनाभरात समितीच्या कार्यालयात माशांच्या भावापेक्षा गाडीची चर्चा जास्त झाली. कारण असं की, आपल्या एका सभासदाच्या घरी गाडी घ्यायचं ठरलं. घरात आई, नवरा-बायको आणि दोन मुलं. आईंना दर महिन्याला इंदूरला दवाखान्यात न्यावं लागतं, मुलगी कॉलेजला जाणार. मोटरसायकलवर हे आता होत नाही. भाऊ दोन गाड्यांची पत्रकं घेऊन आले आणि म्हणाले, "सचिव, तुम्हीच सांगा यातली कुठली घेऊ."

आम्ही म्हटलं, एकट्याने सांगायची गोष्ट नाही, बसून बघू. चार-पाच जण बसलो, वहिनींनाही बोलावलं. तिथे जे निघालं ते सगळ्यांच्या उपयोगाचं वाटलं, म्हणून इथे लिहितोय.

दोन्ही गाड्या आपल्या माहेरच्या

पहिली टाटा नेक्सॉन, दुसरी महिंद्रा एक्स-यू-व्ही थ्री-एक्स-ओ. नेक्सॉन पुण्याजवळ रांजणगावला बनते, थ्री-एक्स-ओ नाशिकला. म्हणजे आपल्या माळव्यातल्या मराठी घरांना दोन्ही माहेरच्याच. नेक्सॉन २०१७ पासून बाजारात आहे. थ्री-एक्स-ओ एप्रिल २०२४ मध्ये आली. ती आधीच्या एक्स-यू-व्ही ३०० ची सुधारलेली गाडी.

दोन्हींची लांबी चार मीटरच्या आत आहे आणि ते उगाच नाही. चार मीटरच्या आतली गाडी, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर सरकार तिला छोटी गाडी धरतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर जीएसटी १८ टक्के आहे. आधी सेस धरून पेट्रोलला २९ आणि डिझेलला ३१ टक्के जायचे. याहून मोठ्या गाडीला ४० टक्के. त्यामुळे कोणी जुना भाव सांगत असेल तर ऐकू नका, आजचा ऑन-रोड भाव लेखी मागा. त्यात रोड टॅक्स, विमा आणि "ॲक्सेसरीज"च्या नावाखाली काय काय घातलंय ते वेगवेगळं लिहून घ्या. नको असलेली ॲक्सेसरी काढायला लावायला लाजू नका.

आकडे समोरासमोर

*डिझेल इंजिन:* दोन्हींना १.५ लिटरचं. नेक्सॉनची ताकद ११५ पीएस आणि ओढ २६० न्यूटन मीटर. थ्री-एक्स-ओची ११७ पीएस आणि ३०० न्यूटन मीटर. भरलेली गाडी चढावर काढताना ओढीचा हा फरक जाणवतो.

*पेट्रोल इंजिन:* दोन्हींना १.२ लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो. नेक्सॉनचं १२० पीएस. थ्री-एक्स-ओमध्ये साधं १११ पीएसचं, आणि वरच्या मॉडेलांत १३० पीएसचं.

*सीएनजी:* नेक्सॉनमध्ये कंपनीकडूनच मिळते. तीस-तीस लिटरच्या दोन टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्यात, त्यामुळे ३२१ लिटर जागा उरते. पण आपल्या रोजच्या रस्त्यावर पंप कुठे आहे आणि तिथे किती रांग असते, ते आधी बघा.

*डिकी:* नेक्सॉन ३८२ लिटर, थ्री-एक्स-ओ ३६४ लिटर.

*बसायची जागा:* पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर नेक्सॉनचं २४९८ मिलिमीटर, थ्री-एक्स-ओचं २६०० मिलिमीटर. रुंदीलाही थ्री-एक्स-ओ थोडी जास्त. मागे तीन मोठी माणसं बसणार असतील तर इथे तिचं पारडं जड.

*जमिनीपासून उंची:* नेक्सॉनची २०८ मिलिमीटर. तलावाकडच्या काळ्या मातीच्या वाटेवर ही उंची कामाला येते. पण एक लक्षात ठेवा, दोन्ही गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, फोर व्हील नाहीत. पावसाळ्यात काळ्या चिखलात रुतली तर ट्रॅक्टरच बोलवावा लागेल, पत्रकात फोटो कितीही डोंगरावरचा असो.

*ब्रेक:* थ्री-एक्स-ओला चारही चाकांना डिस्क, नेक्सॉनला मागे ड्रम.

जीव महत्त्वाचा

सगळ्यात आधी बघायची गोष्ट हीच, आणि इथे दोन्ही गाड्यांनी समाधान दिलं. सरकारच्या भारत एनकॅप चाचणीत दोघींना पाच तारे आहेत. मोठ्यांच्या सुरक्षेत ३२ पैकी नेक्सॉनला २९.४१, थ्री-एक्स-ओला २९.३६. मुलांच्या सुरक्षेत ४९ पैकी नेक्सॉनला ४३.८३, थ्री-एक्स-ओला ४३. म्हणजे उन्नीस-बीस. सहा एअरबॅगही दोन्हींत अगदी खालच्या मॉडेलपासून आहेत.

पण हे तारे बेल्ट लावलेल्यांसाठी आहेत. चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटरने समोरून आदळतात, आणि आत बसवलेल्या पुतळ्यांना बेल्ट असतो. मुलांचे गुण तर मुलांच्या वेगळ्या सीटवर बसवून मोजतात. आपल्याकडे मागे चार-पाच जण आणि मांडीवर पोर, असा प्रवास होतो. मग पाच तारे कागदावरच राहतात.

डिझेल घ्यावं का?

भाऊंचा जीव डिझेलवर होता. आपल्या लोकांना डिझेल म्हणजे स्वस्त असं डोक्यात बसलंय. म्हणून हिशोब मांडला. समजा पेट्रोल १०७ रुपये, डिझेल ९२ रुपये. पेट्रोल गाडी लिटरला १४ किलोमीटर देते आणि डिझेल १८. आणि डिझेल गाडी घेताना सव्वा नाही, १ लाख २० हजारच जास्त पडले.

महिन्याला ६०० किलोमीटर फिरलात तर डिझेलमुळे साधारण १,५०० रुपये वाचतात. जास्त दिलेले पैसे वसूल व्हायला साडेसहा वर्षं लागतात. महिन्याला १,५०० किलोमीटर फिरलात तर ३,८०० रुपये वाचतात, अडीच-पावणेतीन वर्षांत वसूल. आपापलं फिरणं किती ते प्रामाणिकपणे लिहा, उत्तर आपोआप येतं.

अजून एक. नव्या डिझेल गाड्यांत धूर गाळणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. रोज घर ते बाजार, बाजार ते घर एवढंच चालवली तर फिल्टर भरतो आणि खर्च निघतो. भाऊंचं फिरणं महिन्याला सहाशेच्या पुढे जात नाही. डिझेल तिथेच बाद झालं.

गाडीत मासे नेणार का? इथे जपा

हे जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्यातल्या एकाला याचा फटका बसलाय. त्यांनी मागच्या सीट पाडून बर्फाच्या पेट्या ठेवून कतला-रोहू बाजारात न्यायला सुरुवात केली. पेटीतलं पाणी गालिच्याखाली मुरलं. वास तर गेला नाहीच, वर सीटची पट्टी गंजली आणि खालच्या वायरिंगचे जोड खराब झाले. कोकणातल्या आपल्या पाहुण्यांना खाऱ्या हवेने पत्रा कसा खातो ते माहीत आहे. गोड्या पाण्याचे मासे म्हणून आपण गाफील राहिलो.

पण खरा धोका विम्याचा. खासगी गाडीच्या पॉलिसीत "वापराची मर्यादा" असा एक भाग असतो, तो कोणी वाचत नाही. त्यात लिहिलेलं असतं की भाड्याने वापरण्यासाठी किंवा माल वाहण्यासाठी हा विमा नाही. नमुने आणि स्वतःचं सामान तेवढं चालतं. विकायचे मासे हा माल झाला. पेट्या भरलेल्या असताना अपघात झाला तर कंपनी दाव्यावर बोट ठेवू शकते. गाडीही गेली आणि कर्जही डोक्यावर, अशी वेळ कोणावर येऊ नये.

माशांसाठी वेगळी सोय बघा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बर्फपेटीची मोटरसायकल, बर्फपेटीचं तीनचाकी आणि इन्सुलेटेड गाडी यांना अनुदानाची तरतूद केलेली आहे. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के. सध्या अर्ज घेतायत का, हे जिल्ह्याच्या मत्स्य विभागात आधी विचारा, मगच पैसे गुंतवा. कागद भरायला समिती मदत करेल.

वहिनींचा प्रश्न

इतका वेळ वहिनी गप्प ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "सगळं खरं, पण बंद ऋतूत हप्ता कोण भरणार?"

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. आपल्याकडे १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद. समुद्रावर १ जून ते ३१ जुलै बंद. दोन महिने हातात पैसा नाही, आणि बँकेचा हप्ता काही बंद ऋतू पाळत नाही. वर याच दिवसांत जाळ्यांची दुरुस्ती, होडीची डागडुजी आणि मुलांच्या फीचा खर्च.

परत कागद घेतला. नऊ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, सात वर्षं धरली तर हप्ता सुमारे १४,५०० रुपये, आणि व्याजच ३ लाख १६ हजार. पाच वर्षं धरली तर व्याज २ लाख २१ हजारांवर येतं, पण हप्ता १८,७०० होतो. दोन्ही झेपणारे नव्हते. मग उलट्या बाजूने गेलो. वरचं मॉडेल, सनरूफ, मोठा स्क्रीन हे सोडलं, घरचे पैसे जास्त घालायचे ठरवलं आणि कर्ज सहा लाखांवर आणलं. पाच वर्षांसाठी हप्ता सुमारे १२,५०० झाला. बंद ऋतूच्या दोन हप्त्यांचे २५,००० लागतात. म्हणजे मासेमारीच्या दहा महिन्यांत दर महिन्याला २,५०० वेगळ्या खात्यात टाकायचे आणि त्याला हात लावायचा नाही.

हा हिशोब वहिनींनी स्वतःच्या वहीत लिहून घेतला. एक गोष्ट त्यांनी ठामपणे सांगितली, होडी आणि जाळं गहाण टाकून गाडी येणार नाही. आमचंही सगळ्या सभासदांना हेच सांगणं आहे. जे पोट भरतं ते गाडीसाठी अडकवू नका.

चालवून बघायला जाताना

आपल्या शेजारी पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा मोठा गाडी-चाचणी ट्रॅक आहे, तिथे वाऱ्यासारख्या गाड्या पळवून बघतात. आपली परीक्षा वेगळी.

घरातल्या सगळ्यांना घेऊन जा. आईंना स्वतः चढू-उतरू द्या, गुडघे काय म्हणतात ते बघा. मागे तिघांना बसवून खड्ड्याच्या रस्त्याने न्या. डिकीत घरच्या बॅगा ठेवून बघा. एसी लावून चढावर पेट्रोल गाडी कशी ओढते ते बघा. सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब, आणि आधीच्या गिऱ्हाईकांचा अनुभव काय, हे गावातल्या गाडीवाल्यांना विचारा. आणि पहिल्याच दिवशी टोकन देऊ नका. "आजच ऑफर संपतेय" असं दर महिन्याला सांगतात.

भाऊंच्या घरी दोन्ही गाड्या चालवून झाल्या. मुलांना नेक्सॉन आवडली. आईंना थ्री-एक्स-ओच्या मागच्या सीटवर ऐसपैस वाटलं, आणि दवाखान्याला जाणाऱ्या त्याच. त्यामुळे पेट्रोल थ्री-एक्स-ओचं खालचं मॉडेल ठरलंय. पण बुकिंग बंद ऋतू संपल्यावर, १६ ऑगस्टनंतर. तोवर त्या वेगळ्या खात्यात पैसे टाकायला सुरुवात झालीये, गाडी यायच्या आधीच.

कोणाला आपला हिशोब मांडून बघायचा असेल तर कार्यालयात या. पत्रक आणा, विम्याचा कागद आणा, आणि घरातल्या बाईमाणसाला सोबत आणा.

आपला,
सचिव, मच्छीमार सहकारी समिती, देपालपूर