सकाळी सोट, संध्याकाळी डॉक्टर

कुंभी-कासारी नद्यांच्या पट्ट्यात ऊस वर्षाचा हिशेब सांभाळतो आणि दूध रोजचा. कारखान्याच्या बिलाची वाट बघावी लागते; दुधाचं बिल गावातल्या संस्थेत महिन्यातून तीनदा निघतं आणि त्यातनंच किराणा, पोरांची फी, दवाखाना भागतो. सगळे ज्याला ‘गोकुळ’ म्हणतात तो कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ 1963 साली स्थापन झाला आणि गावोगाव दूध घालायची सोय झाली. पण कॅन संस्थेत पोचण्याच्या कितीतरी आधी गोठ्यात एक काम नीट व्हावं लागतं. गाय दूध देते ती व्याली म्हणून, आणि वेळेवर व्यायची तर ती वेळेवर गाभण राहायला हवी.

करवीर तालुक्यातल्या माझ्या मावशीच्या गोठ्यात दोन संकरित एचएफ गाई, एक म्हैस आणि एक कालवड आहे. मार्गशीर्षातल्या थंडीत मी तिथं होतो तेव्हा थोरली गाय व्याल्याला अडीच महिने होत आले होते. आधीचा एक माज मावशीनं बघून सोडून दिला होता. व्याल्यावर गर्भाशय पूर्ववत व्हायला दीड-दोन महिने लागतात, त्याआधी भरवायची घाई करायची नाही, हे तिचं ठरलेलं. पण त्या माजाची तारीख तिनं दुधाच्या पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवली होती. तिथून एकवीस दिवस मोजले होते आणि दोन दिवस आधीपासून तिचं लक्ष गाईवर होतं.

त्या पहाटे धारेला गाईनं दूध चोरलं, नेहमीपेक्षा दीडेक लिटर कमी. पेंडीत तोंड घातलं आणि काढून घेतलं, मान वळवून मागं बघत राहिली, दोनदा हंबरली. मावशीनं बादली बाजूला सरकवली, शेपूट उचलून बघितलं. अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा स्वच्छ, न तुटणारा सोट खाली लोंबत होता. तिनं तो बोटांत धरून ताणून बघितला. सोट गढूळ किंवा पिवळसर असता तर गर्भाशयात पू आहे असं समजून आधी औषधपाणी करावं लागलं असतं. अशा गाईला भरवण्यात अर्थ नसतो.

मोकळ्या सोडलेल्या गाईंचा माज ओळखणं सोपं. माजावरची गाय दुसरीला अंगावर चढू देते आणि हलत नाही. आमच्याकडं गाई दावणीला बांधलेल्या, दोघींच्या मध्ये भिंतीएवढं अंतर. तिथं माज ओळखायचा तो दूध, हंबरणं, वारंवार मुतणं आणि सोट यांवरनं. बऱ्याच गाईंचा माज रात्री सुरू होतो आणि बारा ते अठरा तासांत ओसरतो. उन्हाळ्यात तो आणखी मंद. म्हशीचं तर विचारूच नका, तिचा मुका माज कित्येकदा घरच्या माणसालाही कळत नाही. एक माज हुकला की एकवीस दिवस गेले. तेवढे दिवस वैरण, पेंड, शेणघाण सगळं चालूच राहतं आणि पुढचं वेत तितकंच लांबतं. रेतनाच्या नोंदीत वळूचा क्रमांक असतो, भरवणाऱ्याचं नाव असतं. माज ओळखणारीचं नाव कुठल्याच रकान्यात नसतं, आणि मला हे खटकतं, कारण या सगळ्या प्रक्रियेत सर्वांत अवघड कौशल्य तिचं आहे.

मावशीनं फोन लावला. ‘‘डॉक्टर, गाय माजावर आलीया. पाटंपास्नं सोट टाकत्याय.’’ पलीकडून दोनच प्रश्न आले: रात्री ओरडत होती का, आणि सोट कसा आहे. ‘‘मग सांजच्याला येतो, काकी. वाडं कमी टाका, पाणी पाजून ठेवा.’’

हा डॉक्टर म्हणजे प्रशिक्षण घेतलेला कृत्रिम रेतन सेवक. गावात त्याला डॉक्टरच म्हणतात. सकाळी फोन केला तरी तो संध्याकाळी येतो याला कारण आहे. गाईचं स्त्रीबीज माज ओसरल्यावर दहा-बारा तासांनी सुटतं आणि थोडेच तास टिकतं. शुक्राणू दिवसभर टिकतात, पण आत गेल्यावर फलनक्षम व्हायला त्यांना काही तास लागतात. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. लवकर भरवलेली गाय उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते; उशिरा भरवलेलीही उलटते.

दिवस मावळायच्या सुमारास मोटारसायकल आली, मागं कॅन बांधलेला. झाकण उघडल्यावर पांढरी वाफ काठावरून खाली उतरली. आत द्रवरूप नायट्रोजन, उणे 196 अंश सेल्सिअस. त्याची पातळी घटली तर आतल्या रेताच्या कांड्या निकामी होतात आणि बाहेरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. कॅन वेळेवर भरून घेणं ही भरवणाऱ्याची निम्मी जबाबदारी. त्यानं डबी कॅनच्या गळ्यापर्यंतच उचलली, चिमट्यानं एक कांडी काढली आणि डबी लगेच खाली सोडली. काडीपेटीतल्या काडीपेक्षा थोडी जाड अशी ही नळी, तिच्यात पाव मिलिलिटर रेत. कोमट पाण्यात, 37 अंशांना, अर्धा मिनिट. मग कांडी कापसानं कोरडी पुसली, कारण पाण्याचा थेंबही शुक्राणूंना मारतो. पुसता पुसता त्यानं तिच्यावर छापलेला वळूचा क्रमांक मोठ्यानं वाचला आणि मावशीच्या सुनेनं तो लिहून घेतला. टोक कापून कांडी गनमध्ये, वर प्लॅस्टिकचं आवरण, आणि थंडी लागू नये म्हणून गन सदऱ्याच्या आत, पाठीला लावून.

गाईला आखूड बांधलं होतं. मावशी तिच्या मानेखाली खाजवत उभी राहिली. गाय बिथरली, मार खाल्ला, पळवली तर गर्भाशयाची हालचाल मंदावते आणि काम बिघडतं, त्यामुळं गोठ्यात कुणी आवाज चढवत नव्हतं. डॉक्टरनं खांद्यापर्यंतचा मोजा चढवला, साबणाचं पाणी लावून डावा हात गुदद्वारातून आत घातला, शेण बाहेर काढलं आणि आतड्याच्या पडद्यातून गर्भाशयाचं मुख चाचपून धरलं. उजव्या हातातली गन योनिमार्गातून आधी तिरपी वर, मूत्रमार्गाचं तोंड चुकवत, मग सरळ. यापुढचं डोळ्यांना दिसत नाही. मुखाच्या आत तीन-चार कडक वळ्या असतात. डाव्या हातानं मुख हलवत गन एकेका वळीतून सरकवायची. शेवटची वळी ओलांडली की थांबायचं आणि दांडा सावकाश दाबायचा. घाईनं दाबला तर रेत मागं येतं. डॉक्टरचे डोळे छपराकडं होते, चेहऱ्यावर हात ऐकत असल्याचा भाव. पाच मिनिटांत सगळं उरकलं. मावशीच्या थोरल्या मामंजींच्या काळात भरवल्यावर गाईच्या पाठीवर गार पाणी ओतायची पद्धत होती. आता मावशी नुसती वैरण टाकते आणि गाईला सावलीत निवांत ठेवते.

त्या आधीच्या काळात गावात पोळ असायचा, देवाच्या नावानं सोडलेला. तो सगळ्या वस्तीच्या गाई फळवायचा आणि एका गाईचा रोग दुसरीला द्यायचा. ब्रुसेलोसिससारखे, गाभ टाकायला लावणारे रोग असेही पसरतात. भारतात कृत्रिम रेतनाची सुरुवात 1939 साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या डेअरी फार्मवर झाली. 1949 मध्ये इंग्लंडात ग्लिसरीन वापरून शुक्राणू गोठवून जिवंत ठेवता येतात हे सापडलं आणि वळू एकीकडं, गाय दुसरीकडं हे शक्य झालं. महाराष्ट्रात ही सेवा शेतकऱ्याच्या दारात नेण्यात मणिभाई देसाईंनी 1967 साली उरुळीकांचनला उभ्या केलेल्या ‘बायफ’चा वाटा फार मोठा आहे.

सून दर वेळी वळूचा क्रमांक लिहून घेते त्याला कारण कोपऱ्यातली कालवड. ती वयात आली की तिला तिच्याच बापाची कांडी पडू नये. क्रमांक लिहिलेला नसला तर हे टाळायचं कसं? आता गाईच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला असतो आणि नोंद मोबाईलवरही होते, तरी सूनबाईंची वही मला जास्त भरवशाची वाटते, कारण ती रोज उघडली जाते.

या वेळी कांडी साधी नव्हती, लिंगनिश्चित रेताची होती. दहातली नऊ वासरं कालवडी होतील अशा तयारीची. तिच्यात शुक्राणू कमी असतात, त्यामुळं गाभण राहायचं प्रमाण थोडं खाली येतं आणि माजाची वेळ आणखी काटेकोर साधावी लागते. तरी मावशीनं तीच मागितली. एचएफच्या खोंडाला वशिंड नाही, जू बसत नाही, ऊन सोसत नाही. रानात ट्रॅक्टर चालतो. 2015 पासून राज्यात बैल आणि खोंडांच्या कत्तलीवरही बंदी आहे. झालेला खोंड दावणीला बांधून पोसायचा कुणी, हा प्रश्न प्रत्येक गोठ्यात आहे, आणि त्यावर मला ठाऊक असलेला सर्वांत कमी क्रूर मार्ग म्हणजे ही कांडी.

दोन दिवसांनी गाईच्या शेपटाला रक्त दिसलं. शेजारीण घाबरली. मावशी शांत होती. माज संपल्याची ती खूण, गाभण राहिली की नाही याच्याशी तिचा संबंध नाही. एकविसाव्या दिवशी गाय शांत राहिली. बेचाळिसाव्यालाही.

फाल्गुनात डॉक्टर पुन्हा आला, पुन्हा मोजा चढवला. ‘‘गाभण हाय, काकी.’’ मावशीनं तिथल्या तिथं नऊ महिने नऊ दिवस मोजले, त्यातले शेवटचे दोन महिने धार बंद ठेवायचे हेही सुनेला सांगून टाकलं.

धाकटीचं तसं नव्हतं. ती तीनदा उलटलेली आणि त्याच दिवशी पुन्हा माजावर होती. पशुवैद्यांनी बघून या माजाला भरवू नका म्हणून सांगितलं, औषध सोडलं, जंताची गोळी दिली. आणि दावणीतल्या हिरव्यागार ढिगाकडं बोट दाखवलं. हंगामात उसाचं वाडं फुकट मिळतं म्हणून आमच्याकडं जनावर नुसत्या वाड्यावर राहतं. त्यातली ऑक्झॅलेटं कॅल्शियम बांधून ठेवतात आणि गाय पोटभर खाऊनही आतून रिकामी राहते. वाडं निम्मं करायचं, मक्याची कुट्टी आणि रोज मिनरल मिक्श्चर चालू करायचं असं ठरलं. पुढच्या माजाला दोनदा भरवायचं, संध्याकाळी एकदा आणि दुसऱ्या सकाळी एकदा.

मावशीनं बोटांवर मोजलं. ‘‘एकवीस दिस भरत्यात ते चैत्री पुनवंला. सगळं गाव जोतिबाच्या डोंगरावर असतंय. तुमी असणार न्हवं हितं?’’

‘‘मी आदल्या दिवशीच दर्शन घिऊन येतो, काकी. फोन तेवढा पाटंच करा.’’