गॅमा किरणांपुढची काच

किरणोत्सारी औषध शरीरात सोडून त्यातून बाहेर पडणाऱ्या गॅमा किरणांवरून अवयवांचे कार्य तपासणाऱ्या वैद्यकशाखेला न्यूक्लिअर मेडिसिन म्हणतात. हे औषध कुपीतून सिरिंजमध्ये भरताना तंत्रज्ञाचे शरीर शिशाच्या आडोशामागे राहू शकते. परंतु सिरिंजवरच्या रेघा वाचण्यासाठी डोळ्यांसमोर आरपार दिसणारे काही तरी लागतेच, आणि ती गरज शिशाची काच भागवते.

खिडकीच्या काचेची घनता पाण्याच्या जेमतेम अडीचपट असते. तिच्यातील सोडा व चुना वगळून वजनाने सुमारे ७० टक्के लेड ऑक्साइड मिसळले, की घनता पाचपटीच्या वर जाते आणि ८२ अणुक्रमांकाचे शिसे किरण शोषू लागते. टेक्नेशियम-९९एम या सर्वाधिक वापराच्या समस्थानिकाच्या किरणांची ऊर्जा १४० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. या ऊर्जेला प्रकाशविद्युत परिणाम, म्हणजे अणूतील इलेक्ट्रॉन बाहेर फेकून किरणाने स्वतः संपून जाणे, जड अणूंत फार प्रभावी ठरतो. त्यामुळे साध्या काचेला किरण निम्मे करण्यास सुमारे २ सेंटिमीटर जाडी लागते, तर शिशाच्या काचेचा एक मिलिमीटरही पुरतो.

पेट स्कॅनच्या फ्लोरिन-१८ बाबत मात्र हे गणित कोलमडते. त्यापासून निघणाऱ्या ५११ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणांपुढे प्रकाशविद्युत परिणाम ओसरतो, कॉम्प्टन विखुरणाचा, म्हणजे किरण न संपता दिशा बदलून पुढे जाण्याचा, वाटा वाढतो आणि तीच काच किरण निम्मे करण्यास सुमारे १ सेंटिमीटर मागते. टेक्नेशियमसाठी घेतलेली खिडकी पेटच्या टेबलावर बसवणे म्हणूनच धोक्याचे. काचेची ‘शिसे-समतुल्य’ जाडी, म्हणजे तितकाच अडसर करणाऱ्या शिशाची जाडी, कोणत्या ऊर्जेला मोजली आहे हे विचारल्याशिवाय तो आकडा निरर्थक होय.

ही काच मऊ असते, लवकर ओरखडते, आम्लाने डागाळते. ती पुसताना घाईगर्दी परवडत नाही. शिसे विषारी असल्याने बिस्मथ व बेरियमच्या काचांवर संशोधन चालू आहे. त्यांपैकी ८३ अणुक्रमांकाचे बिस्मथ शिशाला तोडीस तोड आहे, पण वितळवताना तापमान वाढले की त्याची काच काळवंडते, आणि आरपार दिसलेच नाही तर काच वापरण्यात अर्थ उरत नाही.