ब्रह्मचर्य : कोणाचे आणि कोणाच्या संमतीने?

बदलापुराहून कल्याणकडे येणाऱ्या लोहमार्गावर अंबरनाथ आणि उल्हासनगर ही स्थानके लागोपाठ येतात. अंबरनाथला वालधुनी नदीच्या काठी शिलाहारांच्या काळचे शिवालय आहे. त्यातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. उल्हासनगरचे वय त्या मानाने अगदीच कोवळे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला हे नाव मिळाले. शिव हा योग्यांचा स्वामी व मदनाला भस्म करणारा. तोच पार्वतीचा पती आणि दोन पुत्रांचा पिता. या दोन रूपांत भाविकांना कधी विरोध दिसला नाही. परंतु शेजारच्या वसाहतीतील लोक ज्या सिंधमधून आले, तेथे फाळणीपूर्वी अवघे दशकभर आधी याच दोन गोष्टींवरून घरेच्या घरे दुभंगली होती. तो वाद समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

ब्रह्मचर्य हा शब्द उच्चारताच आजन्म अविवाहित राहणारा पुरुष डोळ्यांसमोर येतो. धर्मशास्त्रात मात्र त्याचा पहिला अर्थ विद्यार्थ्याचे व्रत असा आहे. गुरुगृही वेदाध्ययन संपले, समावर्तन झाले, की ते व्रत सुटे आणि स्नातकाने विवाह करावा अशी अपेक्षा असे. जन्मभर गुरुकुलात राहणाऱ्यास नैष्ठिक ब्रह्मचारी म्हणत. तो मान्य होता, पण तो अपवाद. मनुस्मृतीने तर गृहस्थाश्रमालाच श्रेष्ठ ठरविले, आणि कारणही रोखठोक दिले: बाकीच्या तिन्ही आश्रमांना अन्न गृहस्थच पुरवितो. संन्याशाच्या भिक्षापात्रामागे कोणाची तरी चूल पेटलेली असते हे स्मृतिकार विसरले नव्हते.

विवाहापूर्वी घेतलेल्या व्रताचा प्रश्न सोपा आहे. प्रश्न उद्भवतो तो विवाहित माणसाने व्रत घेतल्यावर. कारण तेव्हा ते एकाच्या इच्छेने घेतले जाते आणि दोघांना पाळावे लागते. बौद्ध संघाला ही अडचण फार लवकर जाणवली. स्वतः गौतम पत्नी व तान्हे मूल सोडून गेले होते. पुढे राहुलाला प्रव्रज्या दिली गेली तेव्हा शुद्धोदनाने आपले दुःख बुद्धापुढे मांडले आणि मातापित्यांच्या अनुज्ञेवाचून पुत्राला संघात घेऊ नये असा नियम झाला. भिक्षुणी होऊ इच्छिणाऱ्या स्त्रीला मातापित्यांबरोबर पतीचीही अनुज्ञा लागे. भिक्षू होणाऱ्या पुरुषाने पत्नीची अनुज्ञा आणावी, असा नियम मात्र विनयात नाही. ही तफावत लहानशी वाटते. पुढच्या साऱ्या इतिहासात ती पुनःपुन्हा डोके वर काढते.

महाराष्ट्राला विठ्ठलपंतांची कथा पाठ आहे, पण ती बहुधा मुलांच्या बाजूने सांगितली जाते. रुक्मिणीबाईंच्या बाजूने पाहिल्यास ती वेगळी दिसते. परंपरा सांगते, की विठ्ठलपंतांनी पत्नीची खरी संमती नसता काशीस जाऊन संन्यास घेतला. त्यांचे गुरू यात्रेच्या निमित्ताने आळंदीस आले असता रुक्मिणीबाईंनी त्यांना नमस्कार केला आणि त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला. पती संन्यासी झालेल्या स्त्रीला हा आशीर्वाद! चौकशी झाली, सत्य उघड झाले आणि गुरूंनी शिष्याला परत घरी पाठविले. गुरूंनी येथे पत्नीचा हक्क व्रताहून मोठा मानला. गावाने मात्र तो मानला नाही. आरूढपतित म्हणून कुटुंब वाळीत पडले, मातापित्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगण्यात आले, आणि चार मुले संन्याशाची पोरे म्हणून पैठणापर्यंत शुद्धिपत्रासाठी हिंडली. ती चारही भावंडे पुढे अविवाहितच राहिली. त्यांतील मुक्ताबाईंना चांगदेवासारख्या योग्याने गुरू मानले, ही गोष्ट स्त्रीच्या ब्रह्मचर्याला मिळालेल्या थोड्या निखळ मानांपैकी एक होय.

एरवी स्त्रीच्या वाट्याला ब्रह्मचर्य आले ते बहुतेक लादलेलेच. उच्चवर्णीय बालविधवेला पती गेल्या दिवसापासून ते पाळावे लागे. केशवपन, एकवेळचे जेवण, मंगलकार्यातून वगळणे ही सारी त्या व्रताची अंगे. तिला कोणी व्रतस्थ म्हणून नमस्कार केला नाही. १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाहाची मुभा दिली, तरी १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी विवाह केला तेव्हा मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. तीन वर्षांनी त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. विधवेने ब्रह्मचारिणी राहावे की विवाह करावा हे तिचे तिने ठरवावे, आणि तसे ठरविता येण्यासाठी आधी तिच्या हाती विद्या असावी, एवढेच त्या संस्थेचे मागणे होते.

आता सिंधकडे वळू. हैदराबाद शहरातील भाईबंद व्यापारी सिंधवर्की म्हणून ओळखले जात. त्यांच्या पेढ्या जपानमधील कोबेपासून पनामापर्यंत पसरल्या होत्या. पेढीवरचा माणूस अडीच-तीन वर्षांच्या कराराने समुद्रापार जाई आणि पत्नी हैदराबादेत सासरी राही. अशा तरुण स्त्रियांनी ही वर्षे कशी काढावी हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांचा संयम व्यापाराच्या जमाखर्चात गृहीत धरलेला होता. १९३६ च्या सुमारास दादा लेखराज कृपलानी या जवाहिऱ्याच्या घरी सत्संग सुरू झाला, त्याला ओम मंडळी म्हणू लागले. येणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा अधिक. १९३७ साली लेखराजांनी स्त्रियांची समिती नेमून आपली मालमत्ता तिच्या स्वाधीन केली. तिच्या प्रमुख ओम राधे यांनी तेव्हा विशीही ओलांडली नव्हती. मंडळीची शिकवण अशी, की विवाहितांनीही ब्रह्मचर्य पाळावे. परदेशाहून परतलेल्या पतींना पत्नींनी हेच सांगितले.

मग गहजब झाला. जादू केली, संमोहन केले, घरे मोडली, असे आरोप झाले. विरोधकांनी संघटना उभारली. १९३८ साली मंडळीच्या दारावर निरोधने झाली आणि मंडळीने कराचीस स्थलांतर केले. १९३९ साली सिंध सरकारने चौकशी मंडळ नेमून तिला बेकायदा ठरविले. त्याच हैदराबादचे साधू वासवानी आजन्म अविवाहित राहिले होते आणि त्या व्रतामुळे त्यांचा मान वाढलाच होता. पतींची तक्रार अगदीच पोकळ होती असे म्हणता येणार नाही. आळंदीच्या गुरूंनी ज्या न्यायाने विठ्ठलपंतांना परत पाठविले, तोच न्याय ते मागत होते. फरक इतकाच, की रुक्मिणीबाईंना सोडून जाणाऱ्यास परतविले गेले, आणि या स्त्रियांना वर्षानुवर्षे मागे ठेवून जाणाऱ्यांस कोणी कधी हटकले नव्हते. पेढीसाठी पाळलेले ब्रह्मचर्य शील ठरले; देवासाठी, स्वतःच्या निवडीने पाळलेले तेच व्रत बंड ठरले.

स्वतंत्र भारताच्या कायद्याने हा तिढा आपल्या परीने सोडविला. जुन्या हिंदू विधीत संन्यास म्हणजे व्यवहारदृष्ट्या मृत्यू. संन्याशाची मालमत्ता वारसांकडे जाई, पण मागे राहिलेल्या पत्नीचे लग्न सुटत नसे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराने प्रपंचत्याग करून धर्मसंघात प्रवेश करणे हे घटस्फोटाचे कारण म्हणून नमूद झाले, आणि ते पती-पत्नी दोघांनाही सारखेच लागू आहे. घरातच राहून एकाने परस्पर व्रत घेतले तर काय, याचे उत्तर कलमात नाही. मात्र सबळ कारण नसता एकतर्फी निर्णयाने दीर्घकाळ शरीरसंबंध नाकारणे ही मानसिक क्रूरता ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली म्हटले. म्हणजे दुसऱ्याची संमती, जी विनयाने फक्त स्त्रीकडून मागितली होती, ती आता दोघांकडूनही अपेक्षिली जाते.

ओम मंडळी १९५० साली कराचीहून अबू पर्वतावर आली आणि ब्रह्माकुमारी या नावाने देशभर पसरली. तिची केंद्रे उल्हासनगरातही आहेत. पहाटेच्या मुरलीला तेथे पांढऱ्या वस्त्रांतील अविवाहित भगिनींबरोबर संसारी माणसेही बसलेली असतात. त्यांतील काही जोडपी घर, दुकान, मुले सांभाळून दोघांच्या संमतीने हे व्रत पाळतात, आणि वर्ग संपला की दुकान उघडण्यासाठी निघतात.