मातीचा बैल कसा चालला?



सिनेमा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. कोणी टीव्हीवर पाहिला, कोणी मोबाइलवर, तर कोणाच्या आजोबांनी जत्रेतल्या तंबूत. पण सिनेमातला माणूस चालतो म्हणजे नेमके काय होते, असे विचारले की पुष्कळजण गप्प बसतात. आमच्या चौथीच्या वर्गाने या साली मातीच्या बैलाचा एक लहानसा सिनेमा तयार केला. तो करताना आम्हाला जे समजले, ते या लेखात सांगत आहे.

खरे म्हणजे काहीच हलत नाही

सिनेमात एकही चित्र हलत नाही. ते सगळे थांबलेले फोटो असतात. थिएटरच्या पडद्यावर एका सेकंदात २४ फोटो एकामागून एक येतात. एक सेकंद म्हणजे केवढा? ‘एक हजार एक’ म्हणायला लागतो तेवढा. प्रत्येक फोटो आधीच्या फोटोपेक्षा थोडासाच वेगळा असतो. ते इतके भराभर येतात की आपला मेंदू त्यांना जोडून टाकतो, आणि आपल्याला वाटते, माणूस चालला.

अंधारात पेटती उदबत्ती गोल गोल फिरवून बघा. लाल कडे दिसेल. कडे तर कुठेच नसते, नुसता एक ठिपका असतो. कडे आपला डोळा आणि मेंदू मिळून तयार करतात. सिनेमातही आपली अशीच गंमत होते.

साध्या सिनेमात माणूस खरोखर चालतो आणि कॅमेरा त्याचे भराभर फोटो काढतो. आम्ही केला तो प्रकार निराळा आहे. यात वस्तू आपणहून चालत नाही. ती आपण जराशी सरकवायची, हात बाजूला घ्यायचा आणि एक फोटो काढायचा. पुन्हा सरकवायची, पुन्हा फोटो. शेवटी सगळे फोटो भराभर दाखवले की ती वस्तू चालायला लागते. याला स्टॉप मोशन म्हणतात. गुरुजींनी त्याचे मराठी केले, ‘थांबत थांबत चाल’.

घोड्याचे चार पाय

फार वर्षांपूर्वी लोकांना एक प्रश्न पडला होता. घोडा धावतो तेव्हा त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का? कितीही डोळे फाडून पाहिले तरी दिसेना, कारण घोड्याचे पाय फार जलद हलतात. शेवटी १८७८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरने १२ कॅमेरे रांगेत लावले. वाटेत तारा लावल्या. घोडा तारेला लागला की एक कॅमेरा फोटो काढायचा, पुढच्या तारेला दुसरा.

त्या फोटोंत स्पष्ट दिसले की घोड्याचे चारही पाय एका क्षणी हवेत असतात. आणखी एक नवल दिसले. चित्रकार तर घोड्याचे पाय पुढे-मागे फाकलेले काढत असत. फोटोत मात्र हवेत असताना पाय पोटाखाली गोळा झालेले होते. म्हणजे रोज घोडे बघणाऱ्यांनाही घोडा कसा धावतो ते ठाऊक नव्हते. हे लक्षात ठेवा, कारण पुढे बैलाचेही असेच झाले.

फाळके यांचा वाटाणा

आपल्या देशातल्या सिनेमाची सुरुवात एका मराठी माणसाने केली. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. सगळे त्यांना दादासाहेब म्हणत. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरला झाला. १९१२ साली ते बोटीने लंडनला गेले, सिनेमाचे काम पाहून आले आणि कॅमेरा विकत घेतला. पण सिनेमा काढायला पैसे फार लागतात. पैसे देणाऱ्याला आधी खात्री पटली पाहिजे ना!

मग दादासाहेबांनी काय केले? कुंडीत वाटाणा लावला आणि तिच्यासमोर कॅमेरा ठेवला. महिन्याहून जास्त दिवस ते थोडे थोडे चित्रण करत राहिले. नंतर ते पडद्यावर दाखवले, तेव्हा वाटाण्याला अंकुर फुटला, पाने आली, वेल वर चढला, आणि हे सारे बघता बघता! त्या सिनेमाचे नाव ‘अंकुराची वाढ’. तो पाहून त्यांना कर्जाने पैसे मिळाले. घरातले दागिनेही गहाण पडले. मग ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांना दाखवला गेला. त्यात राजपुत्राचे काम त्यांच्या मुलाने, भालचंद्रने केले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्यांचा स्वयंपाक करत आणि रात्री अंधारात बसून फिल्मच्या कडेला भोके पाडत. ती भोके नसली तर फिल्म यंत्रात पुढे सरकत नाही.

पुढे दादासाहेबांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा छोटा सिनेमा काढला. त्यात आगपेटीतल्या काड्या आपणहून हलतात. आमच्या बैलासारखेच ते काम, थांबत थांबत चाल! म्हणून गुरुजींनी आम्हालाही पहिला धडा काड्यांचा दिला. गुल काढून टाकलेल्या १० काड्या घेऊन आम्ही त्यांचे घर बांधले आणि मोडले.

आमचे सामान

आमचे सामान काही महाग नाही. गुरुजींचा मोबाइल. तो दोन विटांमध्ये बसवला आणि सायकलच्या ट्यूबच्या रबराने घट्ट बांधला. मोबाइल केसभर हलला तरी सिनेमात सगळे गाव भूकंप झाल्यासारखे उडते. खिडक्या लावून घेतल्या आणि एक बल्ब पेटवला. उन्हात फोटो काढले तर ढग येतात, सावली सरकते आणि सिनेमात उजेड सारखा लुकलुकतो. आकाशासाठी निळा जाड कागद, ओढ्यासाठी निळे प्लॅस्टिक आणि काठाला खरे गवत.

बैल ओढ्याकाठच्या चिकणमातीचा. पोळ्याला करतो तसाच, पण पोळ्याचा बैल वाळला की त्याचे पाय वाकवता येत नाहीत, मोडतात. म्हणून पायांत बांधकामाची बारीक तार घातली आणि वरून माती लावली. काम झाले की बैलावर ओले फडके टाकून ठेवायचे, म्हणजे तो रात्रभर मऊ राहतो.

आमचा हिशोब

हे काम नुसते मातीचे नाही, गणिताचेही आहे. आम्ही एका सेकंदाला १२ फोटो धरले. गोष्ट ३० सेकंदांची होती. बैल ओढ्यावर येतो, पाणी पितो आणि परत जातो. प्रत्येकाला १० सेकंद. म्हणजे १२ गुणिले ३० बरोबर ३६० फोटो. मधल्या सुट्टीत घाई न करता ४० फोटो होतात. ३६० भागिले ४० बरोबर ९ दिवस.

दसऱ्याच्या आधी शाळेचे ११ दिवस उरले होते. दसऱ्यापर्यंतच काम का संपवायचे, ते सांगतो. आमच्या वर्गात एक मुलगा आहे. मातीचे बैल त्याच्यासारखे कोणालाच जमत नाहीत. त्याचे आई-वडील दरसाल बैलगाडी घेऊन ऊस तोडायला कारखान्यावर जातात. आजवर तो आजीजवळ राहायचा. या साली आजी नाही, म्हणून तोही जाणार होता. गाडी दसरा झाला की निघणार. बैल त्याने केला आणि सिनेमा पुरा व्हायच्या आत तोच निघून गेला, तर काय उपयोग?

कामे वाटून घेतली. एकाने बैल सरकवायचा, एकीने मोबाइलवर बोट लावायचे, एकाने कोणाचा हात किंवा सावली फोटोत येत नाही ना ते बघायचे. मी मोजणीवाला होतो. दर फोटोला वहीत एक रेघ. सहाव्या दिवशी लाइट गेली ती शाळा सुटेपर्यंत आलीच नाही. त्या दिवशी शून्य रेघा. बरे झाले की दोन दिवस शिलकीत होते.

बैल कसा चालतो?

पहिल्याच दिवशी अडचण आली. बैलाचा कोणता पाय आधी उचलायचा? बहुतेक मुले म्हणाली, आपण परेड करतो तसे, एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा, दोन्ही एकदम. तेव्हा तो मित्र म्हणाला, “आरं, बैल असा टकाटक न्हाई चालत. मागला पाय आधी निघतो.”

गुरुजींनी आम्हाला रस्त्याच्या कडेला उभे केले. गावातली गुरे चरायला चालली होती. तो म्हणाला तसेच होते. सावकाश चालताना बैल आधी मागचा डावा पाय उचलतो, मग पुढचा डावा, मग मागचा उजवा, मग पुढचा उजवा. एका वेळी एकच पाय पुढे येतो, म्हणून त्याचा तोल जात नाही. आणि पुढचा पाय जिथून उठतो त्याच्या जवळपासच मागचा पाय पडतो. चिखलातले ठसे बघा, तुम्हालाही दिसेल. गुरे आम्ही जन्मापासून बघतो, पण हे आमच्यातल्या एकालाच माहीत होते.

मग हिशोब सोपा झाला. प्रत्येक पायाला ३ फोटो. उचलला, पुढे घेतला, टेकवला. चार पायांचे १२ फोटो म्हणजे बरोबर एक सेकंद! दर फोटोला बैल १ सेंटिमीटर पुढे. आमचे बाक १२० सेंटिमीटरचे आहे. १२० फोटोंत, म्हणजे १० सेकंदांत, बैल ओढ्यावर पोहोचला.

मित्र मागचा डावा पाय मात्र बाकीच्या पायांइतका उचलत नव्हता. जरा ओढल्यासारखा पुढे घ्यायचा. आम्ही म्हणालो, सरळ कर की. तो म्हणाला, “न्हाई, ऱ्हाऊ दे तसाच.” बैल त्याचा, म्हणून आम्ही राहू दिला.

अंगठ्याचे ठसे

१९३३ साली अमेरिकेत ‘किंग काँग’ नावाचा सिनेमा निघाला. त्यातले डोंगराएवढे माकड बऱ्याच ठिकाणी म्हणजे हातभर उंचीची बाहुली होती. आत धातूचा सांगाडा आणि वरून सशाची कातडी. दर फोटोच्या आधी बाहुलीला हात लावावा लागे, त्यामुळे तिचे केस विसकटत. म्हणून सिनेमात माकडाच्या अंगावरचे केस सारखे वळवळताना दिसतात.

आमच्या बैलाचेही तसेच झाले. केसांऐवजी त्याच्या पाठीवर मित्राच्या अंगठ्याचे ठसे आहेत. दर फोटोत ते जरा वेगळे असतात, त्यामुळे बैलाची पाठ थरथरते. माशी बसली की खऱ्या बैलाचे कातडे थरथरते ना, अगदी तसे. आम्ही ठसे पुसायचे नाहीत असे ठरवले.

दहाव्या दिवशी माझ्या वहीत ३६० रेघा झाल्या. अकराव्या दिवशी मित्राने घरून बैलाची घुंगरमाळ आणली. ती वाजवून आवाज भरला. संध्याकाळी त्याचे वडील त्याला न्यायला आले, तेव्हा गुरुजींनी त्यांना मोबाइलवर सिनेमा दाखवला. ते आधी काही बोलले नाहीत. म्हणाले, पुन्हा लावा. दुसऱ्यांदा पाहून म्हणाले, “ह्यो तर आपला ढवळ्याच हाय की! मागला डावा कसा वढतोय बघा.”

तेव्हा आम्हाला समजले की मित्राने तो पाय तसा का ठेवला होता. ढवळ्या आणि मित्र आता कारखान्यावर आहेत. सिनेमा गुरुजींनी त्याच्या वडिलांच्या मोबाइलवर पाठवला आहे. आमच्या वर्गाच्या फळ्यावर सिनेमा करणाऱ्यांची नावे लिहिली आहेत, त्यात पहिले नाव त्याचे आहे.

पालकांना एक विनंती. मूल मोबाइल घेऊन बसले की तुम्ही रागावता, ते बरोबरच आहे. पण आम्ही त्यावर गुणाकार, भागाकार, सेंटिमीटर आणि गुरांची चाल शिकलो. नुसते बघत बसणे वेगळे आणि करून बघणे वेगळे.

तुम्हीही करून बघा

यासाठी मोबाइलही लागत नाही. एक जुनी वही घ्या. शेवटच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात कडेजवळ एक चेंडू काढा. त्याच्या आधीचे पान त्यावर पाडा. खालचा चेंडू अंधुक दिसेल. आता या पानावर चेंडू जरासा वर काढा. असे मागून पुढे येत २४ पाने भरा. मग कोपरा अंगठ्याने दाबून पाने मागून पुढे भराभर सोडा. चेंडू उडेल. चेंडू जमला की पक्षी काढा, मग माणूस. पण काढण्याआधी पक्षी पंख कसे हलवतो, ते अंगणात जाऊन नीट बघून या.

ज्यांची वही तयार होईल त्यांनी ती चौथीच्या वर्गात आणावी. आम्ही ती या भित्तिपत्रकाखाली दोरीला टांगून ठेवू, म्हणजे सगळ्यांना उडवून बघता येईल.

इयत्ता चौथी