अमेरिकेची करकपात : फायदा कोणाच्या वहीत?

४ जुलै २०२५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एका भल्यामोठ्या करकायद्यावर सही केली. २०१७ साली त्यांच्याच कारकिर्दीत प्राप्तिकरात जी कपात झाली होती, तिची मुदत २०२५ अखेर संपत होती. या कायद्याने ती कायम झाली. त्याबरोबर तिथला जुना वाद पुन्हा उभा राहिला. एक पक्ष म्हणतो, सर्वांचाच कर कमी झाला. दुसरा म्हणतो, चांदी झाली ती श्रीमंतांची. गरिबाच्या हाती चिल्लर पडली.

आमच्या वाचकांपैकी कोणी म्हणेल की, अमेरिकेच्या प्राप्तिकराशी इथल्या मागवाल्याला अन् शिंप्याला काय देणे-घेणे? देणे-घेणे आहे. एक तर हाच वाद आपल्याकडे दर अर्थसंकल्पाला ऐकू येतो. दुसरे म्हणजे, या कपातीने पडणाऱ्या तुटीची भरपाई आयातशुल्कातून होईल, असे ट्रम्प सरकारने सांगितले. आणि ते शुल्क सोलापूरच्या टॉवेलवरही बसले. तेव्हा हा हिशेब आम्ही व्यापाऱ्याच्या पद्धतीने, जमा-खर्चाच्या दोन्ही बाजू मांडून पाहणार आहोत.

कर एक नाही, अनेक आहेत

अमेरिकेत वॉशिंग्टनचे केंद्र सरकार वेगळा कर घेते आणि राज्ये वेगळा. केंद्राच्या उत्पन्नाचा साधारण निम्मा भाग प्राप्तिकरातून येतो. सुमारे तिसरा हिस्सा येतो तो सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर, म्हणजे म्हातारपणची पेन्शन आणि औषधपाणी यांसाठी पगारातून कापल्या जाणाऱ्या हप्त्यातून. बाकीचे कंपन्यांवरचा कर, आयातशुल्क वगैरे.

प्राप्तिकर तसा तिथे फार जुना नाही. १९१३ मध्ये राज्यघटनेत सोळावी दुरुस्ती झाली तेव्हा तो पक्का बसला. त्याआधी सरकारचा खजिना मुख्यतः आयातशुल्कावर आणि दारू-तंबाखूवरच्या करावर चालत असे. सुरुवातीला प्राप्तिकराचे दर १ ते ७ टक्के होते आणि तो थोड्याच श्रीमंतांना लागू होता. दुसऱ्या महायुद्धाने तो सर्वसामान्यांच्या दारी आणला. १९४३ पासून पगारातूनच कर कापणे सुरू झाले आणि १९४४ मध्ये वरच्या टप्प्याचा दर ९४ टक्क्यांपर्यंत गेला. लाखो नोकरदार करदाते झाले, तशी करकपात ही निवडणुकीत चालणारी हुंडी झाली.

इब्न खल्दूनचा दाखला

१९८१ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी मोठी कपात केली. वरचा दर ७० वरून ५० टक्क्यांवर आला, पुढे १९८६ च्या कायद्याने २८ वर. दर उतरवले की लोक जास्त कमावतील आणि खजिन्यात उलट जास्त पैसा येईल, असा युक्तिवाद होता. अर्थतज्ज्ञ आर्थर लॅफर यांच्या नावाने तो ओळखला जातो. पण १९८१ च्या एका पत्रकार परिषदेत रेगन यांनी दाखला दिला तो चौदाव्या शतकातील मुस्लिम इतिहासकार इब्न खल्दून यांचा. आपले अगोदर हे इब्न खल्दून सांगून गेले आहेत, असे लॅफर यांनीही मान्य केले आहे.

ट्यूनिसमध्ये १३३२ साली जन्मलेल्या या विद्वानाने १३७७ मध्ये लिहिलेल्या ‘मुकद्दमा’त खरोखरच तसा विचार मांडला आहे. राजवट नवी असते तेव्हा कराचे दर हलके असूनही वसुली भरपूर होते; राजवट जुनी झाली की दर चढतात आणि वसुली घटते. मात्र दर का चढतात, हेही त्यांनी तिथेच सांगितले आहे. राजवटीचा थाट वाढतो, खर्च वाढतो, म्हणून दर चढतात. म्हणजे हलक्या कराला आटोपशीर खर्चाची जोड हवी. रेगन यांनी पहिला भाग घेतला, दुसरा सोडला. लष्करी खर्च वाढला, तूट वाढली. १९८२ मध्ये काही कर पुन्हा वाढवावे लागले. तरीही त्यांच्या आठ वर्षांत अमेरिकेचे सरकारी कर्ज जवळपास तिप्पट झाले.

शिंप्याची वही, गिरणीमालकाची वही

आता २०१७ च्या कायद्याचा हिशेब करू. समजा, एक अविवाहित शिंपी न्यूयॉर्कच्या कारखान्यात काम करतो आणि त्याला वर्षाला ३०,००० डॉलर मिळतात. २०१७ च्या जुन्या नियमाने त्याला ६,३५० डॉलरची सरसकट वजावट आणि ४,०५० डॉलरची जातीनिशी सूट मिळत होती. उरलेल्या १९,६०० डॉलरवर १० आणि १५ टक्क्यांच्या टप्प्यांनी कर होई सुमारे २,४७४ डॉलर. २०१८ मध्ये वजावट वाढून १२,००० झाली, पण जातीनिशी सूट बंद झाली. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने काही परत घेतले. १५ टक्क्यांचा टप्पा १२ वर आला. नवा कर झाला सुमारे १,९७०. म्हणजे वर्षाला सुमारे ५०४ डॉलर वाचले.

५०४ डॉलर ही कामगाराला लहान रक्कम नाही. ती नाकारण्याचे कारण नाही. पण याच शिंप्याच्या पगारातून पेन्शन-औषधपाण्याचा ७.६५ टक्के हप्ता कापला जातो. तो झाला २,२९५ डॉलर. प्राप्तिकरापेक्षा हा हप्ता मोठा, आणि कपात झाली तरी त्याला धक्का लागला नाही. जो मजूर याहून फारच कमी कमावतो, त्याला प्राप्तिकर जवळपास लागतच नाही. कर नाही तर कपात कशाची? तिथल्या साधारण चाळीस टक्के कुटुंबांना केंद्राचा प्राप्तिकर द्यावा लागत नाही, पण त्यांतील कमावते बहुतेक सारे हा हप्ता मात्र पहिल्या डॉलरपासून भरतात.

आता गिरणीमालकाकडे वळू. वरचा दर ३९.६ वरून ३७ टक्के झाला. पाच लाख डॉलरच्या वर ज्याचे आणखी दहा लाख करपात्र उत्पन्न आहे, त्याचे त्या एका फरकाने २६,००० डॉलर वाचले. शिवाय कंपन्यांवरचा कर ३५ वरून २१ टक्के झाला, त्याचा लाभ भागधारकाला मिळाला तो वेगळाच. वॉशिंग्टनच्या टॅक्स पॉलिसी सेंटरने २०१८ साठी अंदाज काढला तो असा : सर्वांत खालच्या पाचव्या हिश्शातील कुटुंबाला सरासरी ६० डॉलर, मधल्या हिश्शाला ९३०, आणि वरच्या एक टक्क्याला ५१,१४० डॉलर. कोणी म्हणेल, श्रीमंताचे उत्पन्नच मोठे, मग आकडाही मोठा असणारच. पण टक्केवारीनेही पाहिले तर खालच्याचे उत्पन्न ०.४ टक्क्याने वाढले आणि वरच्या एक टक्क्याचे ३.४ टक्क्यांनी.

दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे

न्यायाची गोष्ट म्हणजे कपातीच्या बाजूनेही वजनदार मुद्दे आहेत. २०२२ मध्ये वरच्या एक टक्का करदात्यांकडे एकूण उत्पन्नाचा सुमारे २२ टक्के वाटा होता, पण प्राप्तिकरापैकी सुमारे ४० टक्के त्यांनी भरला. खालच्या निम्म्यांनी मिळून ३ टक्के भरला. जो भरतो त्यालाच सूट मिळणार, हे उघड आहे. शिवाय भांडवलवाल्याच्या हाती पैसा राहिला तर तो नवी यंत्रे घेईल, माणसे लावील, मजुरी वाढेल, असाही दावा आहे. आम्ही व्यापारी माणसे; भांडवलाशिवाय धंदा वाढत नाही, हे आम्हांला कोणी शिकवायला नको.

पण दावा पूर्ण झाला का, हे विचारण्याचा हक्क आहे. २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार मंडळाने सांगितले होते की, कंपनीकर उतरल्याने सरासरी कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला किमान ४,००० डॉलरने वाढेल. नंतर अमेरिकी काँग्रेसच्या करसमितीतील आणि तिथल्या मध्यवर्ती बँकेतील अर्थतज्ज्ञांनी मिळून प्रत्यक्ष नोंदी तपासल्या. कंपन्यांची गुंतवणूक वाढली, हे खरे निघाले. पण पगारवाढ झाली ती वरच्या दहा टक्के कर्मचाऱ्यांची. खालच्या नव्वद टक्क्यांच्या पगारात दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही.

छोट्या व्यापाऱ्याच्या नावाने

या कायद्यातील एक कलम आमच्या वाचकांनी मुद्दाम समजून घ्यावे. स्वतःच्या मालकीचे दुकान किंवा भागीदारीची पेढी चालवणाऱ्यांना नफ्याच्या २० टक्क्यांपर्यंत वजावट देण्यात आली. सांगताना छोट्या व्यापाऱ्याचे नाव पुढे केले गेले. परंतु गणित पाहा. १२ टक्क्यांच्या टप्प्यातील दुकानदाराला शंभर डॉलर नफ्यामागे या वजावटीने २ डॉलर ४० सेंट वाचतात. ३७ टक्क्यांच्या टप्प्यातील मालकाला ७ डॉलर ४० सेंट. आणि अमेरिकेत मोठमोठे बांधकामवाले आणि गुंतवणूकदारही भागीदारीच्या रूपात धंदा करतात. काँग्रेसच्या करसमितीचा अंदाज होता की, २०१८ मध्ये या वजावटीच्या लाभापैकी ४४ टक्के भाग दहा लाख डॉलर किंवा अधिक उत्पन्न असणाऱ्यांना जाईल. पाटी छोट्या दुकानाची, गल्ला मोठ्या पेढीचा. २०२५ च्या कायद्याने ही वजावटही कायम केली.

तूट कोण भरतो?

वहीच्या दुसऱ्या बाजूला खर्च असतो. सन २००० मध्ये अमेरिकी सरकारकडे २३,६०० कोटी डॉलरची शिल्लक होती. २००१ आणि २००३ मध्ये जॉर्ज बुश यांच्या कपाती झाल्या, मंदी आली, पुढे युद्धे आली. २००२ पासून तूट सुरू झाली ती थांबलेलीच नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्ज ३८ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेले. २०२४ मध्ये केवळ व्याजाचा खर्च लष्कराच्या खर्चाहून वरचढ झाला. हे व्याज जाते कोणाकडे? ज्याच्याकडे सरकारी रोखे आहेत त्याच्याकडे. म्हणजे ज्याचा कर कमी झाला, तोच वाचलेला पैसा सरकारला उसना देऊन त्यावर कमाई करू शकतो. शिंप्याजवळ रोखे घेण्याइतके उरतच नाही.

२०२५ च्या कायद्याने १० वर्षांत तूट ३.४ लाख कोटी डॉलरने वाढेल, असा काँग्रेसच्याच अंदाजपत्रक कार्यालयाचा हिशेब होता. त्याच कायद्याने गरिबांच्या औषधपाण्याची मेडिकेड योजना आणि अन्नमदत यांना कात्री लावली. देणे आणि काढून घेणे एकत्र मोजून त्या कार्यालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले की, सर्वांत खालच्या दहा टक्के कुटुंबांचे वर्षाला सरासरी सुमारे १,२०० डॉलरचे नुकसान होईल आणि सर्वांत वरच्या दहा टक्क्यांना सुमारे १३,६०० डॉलर लाभ होईल. मधल्यांना थोडाफार फायदाच आहे. पण तळाच्या माणसाने कर न कापताही बिल भरले.

आयातशुल्काचे तसेच आहे. २०२५ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेला त्यातून सुमारे १९,५०० कोटी डॉलर मिळाले. हा पैसा परदेशी विक्रेता बंदरावर भरत नाही. तिथला आयातदार भरतो. मग तो ग्राहकाला भाव वाढवून देतो नाहीतर आमच्याकडे भाव पाडून मागतो. २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावरचे जादा शुल्क पन्नास टक्क्यांवर नेण्यात आले, तेव्हा टॉवेल-चादरीच्या व्यापाराला हा अर्थ नीट कळला. टॉवेल लक्षाधीशही घेतो आणि मजूरही घेतो; पण मजुराच्या मिळकतीतला त्याचा वाटा मोठा. १९१३ पूर्वीची अमेरिका ज्या करावर चालत होती, त्याच वाटेला ती अंशतः परत लागली.

आपल्यासाठी धडा

आपल्याकडे १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या करपद्धतीखाली बारा लाखांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर प्राप्तिकर माफ झाला. पगारदार मध्यमवर्गाला दिलासा मिळाला, आमच्यातील कित्येक दुकानदारांनाही. पण माग चालवणारा कामगार, जरीवाला, बिडी वळणारी बाई यांना प्राप्तिकर आधीही लागत नव्हता. त्यांना जाणवली ती २२ सप्टेंबर २०२५ ची जीएसटीतील कपात, कारण साबण-तेल सर्वांनाच लागते. कृत्रिम धाग्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आल्याने मागवाल्याचे अडकून पडणारे भांडवलही मोकळे होऊ लागले. कपात प्राप्तिकरात झाली की वस्तूवरच्या करात, यावरून फायद्याचा धनी बदलतो, तो असा.

तेव्हा पुढच्या वेळी कोणत्याही सरकारने करकपातीची घोषणा केली, तर टाळ्या वाजवण्याआधी किंवा नाके मुरडण्याआधी तीन सवाल विचारावेत. कोणता कर कमी झाला आणि तो भरतो कोण? आकडा रुपयांत सांगितला आहे की मिळकतीच्या टक्क्यांत? आणि जी तूट पडली, ती कर्ज काढून, खर्च कापून की दुसरा कर लावून भरणार? माल घेताना ताका उलगडून दोन्ही बाजूंनी पाहण्याची आम्हांला सवय आहे. करकपातीचा ताकाही तसाच उलगडून पाहावा.