येलदरीत मावणारी संख्या

जिंतूर तालुक्यातलं येलदरी धरण काठोकाठ भरलं की पूर्णा नदीचं सुमारे 934 दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी त्यात असतं. पावसाळ्यात रोज 'दलघमी' वाचून आपले डोळे सरावलेत, त्यामुळे आवाका जाणवत नाही. म्हणून हे पाणी थेंबांत मोजू. 20 थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर धरण भरत असताना 617 दलघमीच्या आसपास एका क्षणी थेंबांची संख्या होते:

12345678987654321

सतरा अंक. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त या सतराव्या स्थानाला 'मध्य' अशी संज्ञा आहे. सेकंदाला एक या गतीने, न झोपता मोजत राहिलं तर 39 कोटी वर्षं लागतील. धरणाखालचा दख्खनचा काळा पाषाण जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा आहे!

आणि तरीही ही संख्या शाळकरी मुलाला आतून-बाहेरून ओळखता येते. 111111111 ला त्याच संख्येने गुणा. प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते, एकांची उतरंड तयार होते. उजव्या टोकाच्या स्तंभात एक 1, पुढच्यात दोन, मधल्यात नऊ, मग पुन्हा उतरण. हातचा कुठेच येत नाही. म्हणून उलटसुलट वाचली तरी संख्या तीच.

अशा संख्यांना 'डेमलो संख्या' हे नाव दिलं देवळालीचे गणिताचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. मुंबईजवळच्या डेमलो रेल्वे स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली. 6174 या त्यांच्या स्थिरांकामुळे जग त्यांना ओळखतं, पण मला त्यांची ही डेमलोची वाट जास्त प्रिय आहे, कारण तिथे चमत्काराचं कारणही डोळ्यांसमोर उलगडतं.

आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज 81. तिला 81 ने निःशेष भाग जातो आणि उत्तर येतं 12345679 चा वर्ग, ज्याच्या मुळात फक्त 8 गायब आहे. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना 'हर्षद' हे नावही कापरेकरांचंच. हिचे मूळ अवयव तीनच: 3, 37 आणि 333667. त्यांपासून विभाजक बनतात 45, आणि 1 ते 9 ची बेरीजही 45. हा मात्र निव्वळ योगायोग, पण गोड.

आता फक्त एक 1 वाढवा. दहा एकांच्या वर्गात मधला स्तंभ दहाचा होतो, हातचा निघतो, आणि येतं 1234567900987654321. उलट वाचलं तर ही संख्या बदलते. अंकांची बेरीज होते 82. ती सम, संख्या विषम, त्यामुळे भाग जाणं शक्यच नाही. म्हणजे ती हर्षदही राहिली नाही.